रमेश पाटीलचा रिपोर्ट

"भामरेभाई, आ रमेश पाटील कोण छे?" मॅडम रिपोर्ट हातात घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या. मॅडम म्हणजे आमच्या लॅबच्या पॅथॉलॉजिस्ट, रिपोर्टवर सही त्यांची. रक्त काढून मशीनवर लावणारा टेक्निशियन मी. लिंबायत या मराठी वस्तीतल्या लॅबमध्ये मला एकवीस वर्षं झाली.

"असेल कोणीतरी. इथे दगड मारला तरी पाटलालाच लागतो."

त्या हसल्या नाहीत. "एसजीपीटी आठ सौ चालीस है."

एसजीपीटी हा लिव्हरमधला पदार्थ. लिव्हरच्या पेशींना इजा झाली की तो रक्तात सांडतो. चाळीसच्या आसपास असला तर ठीक. आठशे चाळीस म्हणजे लिव्हर बोंब मारतंय.

आणि रमेश पाटील मीच होतो.

डॉक्टरांवर माझा विश्वास कधीच नव्हता. चिठ्ठीवर त्यांचा अंदाज एक आणि मशीन सांगतंय भलतंच, हे एकवीस वर्षं पाहिल्यावर कोणाचा राहील? त्यामुळे माझी शुगर काठावर आली तेव्हा मी डॉक्टरची पायरी चढलो नाही. गल्लीतल्या कडुलिंबावर गुळवेल चढली आहे. रोज सकाळी तिचं वीतभर कांडं ठेचून काढा, वर कारल्याचा रस. दर सोमवारी स्वतःचं रक्त काढून शुगर बघायची आणि वहीत लिहायची. चार महिन्यांत शुगर एकशे अठरावरून शंभरवर आली. भेटेल त्याला मी वही दाखवायचो.

मग भूक मेली. अंगाला खाज सुटली. बायको माझ्या डोळ्यांकडे बघत म्हणाली, "तुमना डोया पिवया दिखी राह्यनात. डॉक्टरले दखाडा."

"ट्यूबना उजेड शे तो," मी म्हणालो. पण दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये गुपचूप स्वतःचं सॅम्पल लावलं. माझ्या नावाने लावलं तर मॅडमना कळेल, म्हणून रमेश पाटील. सॉफ्टवेअर मोबाईल नंबर मागतं. सवयीने माझाच टाकला.

आमच्याकडे एक नियम आहे. आकडा धोक्याचा आला की रिपोर्ट नुसता छापून ठेवायचा नाही. पेशंटला लगेच फोन करायचा आणि काय झालं ते रजिस्टरमध्ये लिहायचं. नव्या स्टाफकडून हा नियम मीच घोकून घेतो.

"मी करतो फोन," मी घाईने म्हणालो.

"रहने दो, मैं ही करती हूँ."

मॅडमनी नंबर लावला. माझ्या अ‍ॅप्रनच्या खिशात फोन वाजला आणि वाजतच राहिला. त्यांनी आधी खिशाकडे पाहिलं, मग माझ्या डोळ्यांकडे.

"इधर खिड़की के पास आओ."

गेलो. तिथे ट्यूबचा नाही, दिवसाचा उजेड होता.

"क्या खा रहे हो?"

मी वही पुढे केली. त्यांनी पानं उलटली. "चार महीने सिर्फ शुगर देखते रहे?"

जे बघायला आवडत होतं तेवढंच मी तपासत होतो. भीती वाटली.

लिव्हरच्या डॉक्टरांनी काविळीची बाकी कारणं तपासली, त्यांत काही निघालं नाही. राहिला गुळवेलीचा काढा, तो बंद केला. आकडा खाली यायला अडीच महिने लागले. शुगर पुन्हा काठावर आली आहे. त्यासाठी आता रोज चालतो आणि दर महिन्याला डॉक्टरांना दाखवतो. त्यांच्यावर माझा डोळे झाकून विश्वास आजही नाही. पण स्वतःवरचा त्याहून कमी झाला आहे.

त्या दिवशीची नोंद मॅडमनी माझ्याकडूनच लिहून घेतली. अजून आहे रजिस्टरमध्ये, माझ्या अक्षरात: पेशंट रमेश पाटील. फोन लागला. पेशंटने उचलला नाही.