अमावास्येची शिट्टी

ऐंशी सालानंतरची गोष्ट. वडगावात घराला लागूनच आमचे चार पॉवरलूम होते, साड्यांचे. खडखडाट एवढा, की आत बोलायचं ते नुसत्या ओठांनी. आवाज काढायचाच नाही, समोरचा ओठ वाचतो. आप्पा, म्हणजे माझे वडील, आणि मी दिवसभर असेच बोलायचो. भांडायचोसुद्धा.

मला गाण्याचं लई वेड. बेळगावच्या कॅम्पात एका बंगल्यात जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा प्रीअ‍ॅम्प्लिफायर विकायचाय असं कळलं आणि मी सायकल काढली. रेकॉर्डवरच्या सुईचा बारीक आवाज उचलून पुढं अ‍ॅम्प्लिफायरला द्यायचा, एवढंच त्या डब्याचं काम. पण असा उचलायचा, की गाणाऱ्याचा श्वास कळावा. मालक वारला होता. त्याच्या बायकोनं डबा फडक्यात गुंडाळून दिला. म्हणाली, "शेवटपर्यंत याच्यासमोरच बसायचे." मी आपला खुशीत घरी आलो.

एरवी माग उशिरापर्यंत चालायचे, मग अंगात त्राण नसायचं. आमच्यात अमावास्येला माग बंद ठेवायची रीत, तेवढाच दिवस माझा. पहिल्याच अमावास्येला भर दुपारी रेकॉर्ड संपली आणि पाठीमागून, डब्याच्या बाजूनं, शिट्टी ऐकू आली. बारीक, सलग, श्वास न घेणारी.

मागवाल्याची खोड अशी, की आवाज बिघडला तर यंत्र उघडायचं. मागाचा ठोका जरा चुकला तरी कुठला नट ढिला झालाय ते मी बसल्या जागी सांगायचो. मी व्हॉल्व्ह बदलले. अर्थिंगची तार परसातल्या ओल्या मातीत पुरली. मधे एकदा माग चालू असताना डबा लावून बघितला, तर शिट्टी नाही. जिंकलो म्हटलं. पुढच्या अमावास्येला ती पुन्हा हजर.

बायको म्हणाली, "मला काय न्हाय ऐकू येत. पर अमावास्येलाच का येतीया ती? मेलेल्या माणसाचा डबा हाय, देऊन टाका." तिनं त्याच्यावर लिंबू-मिरची बांधली. मी हसलो, पण त्या दिवसापासून डब्याकडं पाठ करून बसायचं सोडलं. खरं सांगतो, भ्यालो होतो. पुढच्या अमावास्येला कॅम्पातला मेकॅनिक आणला. त्यानं स्पीकरला कान लावला, बराच वेळ माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "एवढा शांत प्रीअ‍ॅम्प मी बघितला नाही." चहाला थांबला नाही.

आप्पांना आता मागावर दिवसभर उभं राहवत नव्हतं. बायकोचा भाऊ निपाणीची तंबाखूची वखार सोडून आमच्या मागावर यायचा होता. तो नाही आला तर दोन माग बंद पडणार. आणि बायको हटून बसली, "असल्या घरात माझा भाऊ यायचा न्हाय. आधी ह्याचा निकाल लावा."

चौथ्या अमावास्येला मी प्लग ओढला. व्हॉल्व्हचा तांबूस उजेड विझत गेला. शिट्टी चालूच. वायरी काढल्या, डबा उचलून परसाच्या टोकाला ठेवून आलो. रिकाम्या खोलीत शिट्टी तशीच.

दारात आप्पा उभे होते. माग बंद, घर चिडीचूप, तरी बोलले नुसत्या ओठांनी, "भाईर ठेवलास तरी हायच न्हवं?"

मी मान हलवली.

"मला वीस वर्सं हाय ही शिट्टी. मागानं कान खाल्लं. माग चालू असला की कळत न्हाय, थांबला की वाजतंय."

मीही आवाज न काढता विचारलं, "मग सांगितलं का न्हाय?"

"सांगितलं असतं तर मागावर बसला असतास का रं?"

असा संताप आला, की म्हाताऱ्याच्या अंगावर धावून जावं.

तेवढ्यात बायको पदराला हात पुसत आली. "सापडलं का काय?"

आप्पा माझ्या ओठांकडं बघत होते.

"डब्यातच दोष होता," मी म्हणालो. "दिला काढून. भावाला ये म्हणून कळव."