कन्सल्टंट मॅडमचे तीन दिवस वसूल

आमच्या बेकरीत गिऱ्हाईक का येत नाही याची अकरा कारणं मला तोंडपाठ होती, आणि त्यातल्या एकाही कारणाचा माझ्याशी संबंध नव्हता.

इंदिरानगरमधली ही बेकरी माझ्या वडिलांनी सुरू केली. खारी, टोस्ट, नानकटाई, पाव. रफिकभाई भट्टी सांभाळतात, मी काउंटर सांभाळतो आणि माझी बायको मीना बाकी सगळं सांभाळते (यात मीही आलो). गेल्या दोन-तीन वर्षांत आजूबाजूला चकचकीत काचांची केक शॉप निघाली आणि आमच्याकडची संध्याकाळची गर्दी पातळ होत गेली. एक दिवस मीनानं चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "त्या मोबाइलवाल्याला आपला गाळा भाड्यानं हवाय. हो म्हणू का?"

"वडिलांची बेकरी आहे ही."

"म्हणूनच विचारतेय. नाहीतर परस्पर हो म्हणाले असते."

तिनं दिवाळीपर्यंतची मुदत दिली. शिवाय आमची ठरलेली केरळची सहल रद्द करून त्या पैशांत तिनं पुण्याच्या एक कन्सल्टंट ठरवल्या. त्या तीन दिवस येणार, धंदा बघणार आणि काय चुकतंय ते सांगणार. नाव गौरी. वय तिशीच्या आसपास. एवढ्या वयात एवढी फी म्हटल्यावर मी निश्चय केला, की या बाईंचा एक मिनिटही वाया जाऊ द्यायचा नाही. केरळ गेलं ते गेलं, पण हे तीन दिवस पुरेपूर वसूल करायचे.

मी तयारीला लागलो. वहीत बासष्ट प्रश्न काढले. पहिले वीस बेकरीचे होते. पुढे पुढे जरा विषय वाढला. भाच्यानं इंजिनिअरिंगला जावं की कॉमर्सला, घरातला इन्व्हर्टर कुठे बसवावा, सोसायटीच्या सेक्रेटरीला कसं समजवावं, असे काही प्रश्न आले. हुशार माणूस घरी आलाच आहे, तर विचारून घ्यायला काय हरकत आहे?

आणि मग मला ती कल्पना सुचली. रिकामं दुकान बघून मॅडम आपल्याला रिकाम्या दुकानाचेच सल्ले देणार. भरलेलं दुकान दिसलं तर मोठ्या दुकानाचे सल्ले देतील. मी हे मीनाला सांगितलं.

"डॉक्टरकडे जाताना बरे होऊन जाता का तुम्ही?" ती म्हणाली.

"चांगला शर्ट घालून तर जातो."

तिनं यावर वाद घातला नाही. ती वाद घालत नाही तेव्हा मला सावध व्हायला हवं, हे मला लग्नाला सत्तावीस वर्षं होऊनही उमगलेलं नाही.

मी ओझरच्या ताईला फोन केला. ताई आणि दाजी आदल्या दिवशीच बॅग घेऊन हजर झाले. दाजी कारखान्यातून निवृत्त झालेत आणि तेव्हापासून काहीतरी घडण्याची वाट बघताहेत. आमच्या सोसायटीतलीही सहा माणसं तयार झाली. योजना सोपी होती. पुढच्या दारानं यायचं, माल घ्यायचा, पिशवीत टाकायचा आणि मागच्या बोळातून येऊन रफिकभाईंच्या हातात परत द्यायचा. रफिकभाई तो पुन्हा फळीवर मांडणार.

"साहब, ये क्या हो रहा है?" रफिकभाईंनी विचारलं.

"धंदा," मी सांगितलं.

पहिल्या दिवशी नऊला गौरी मॅडम आल्या. साधा कुर्ता, एक छोटी वही आणि एक पेन. नमस्कार झाला, खारी खाऊन झाली आणि त्या म्हणाल्या, "सर, मी तासभर काउंटरजवळ नुसती बसू का? गप्प."

मला धक्काच बसला. गप्प बसायची फी? मी लगेच वही उघडली आणि पहिला प्रश्न विचारला. त्या उत्तर देत असतानाच दुसरा विचारला. दुपारपर्यंत मी त्यांना एकतीस प्रश्न विचारले आणि त्यातल्या निम्म्यांची उत्तरं स्वतःच दिली. त्यांना ऐकायला माणूस चांगला मिळाला, असं मला मनापासून वाटत होतं.

तिकडे गिऱ्हाइकांची रीघ लागली होती. ताईनं नानकटाई घेतली. सोसायटीतल्यांनी टोस्ट घेतले. दाजी आधी साध्या वेषात येऊन गेले. अर्ध्या तासानं टोपी घालून आले. तिसऱ्यांदा आले ते स्कूटरचं हेल्मेट घालून, काच खाली ओढून. मी डोळ्यांनी त्यांना जायला सांगत होतो, पण काचेतून माझे डोळे त्यांना दिसले नसावेत.

मॅडमनी त्यांनाच गाठलं. "काका, तुम्ही इथे नेहमी येता?"

"लय वर्षं," हेल्मेटमधून आवाज आला.

"इथलं काय आवडतं तुम्हाला?"

दाजींनी क्षणभर विचार केला. "पेढे."

आम्ही पेढे विकत नाही. वडिलांच्या काळापासून कधीच विकलेले नाहीत. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. मी घाईघाईनं बत्तिसावा प्रश्न काढला.

दुसऱ्या दिवशी माझी माणसं तयारीची झाली होती. चहा-नाश्ता मिळतो म्हटल्यावर सोसायटीतली आणखी चौघं आली. रांग पार पायरीच्या खाली गेली. त्याच वेळी आमच्या जुन्या गिऱ्हाईक जोशीबाई आल्या. (त्या शाळेत शिकवायच्या. अर्धं इंदिरानगर त्यांच्या हाताखालून गेलंय.) त्यांनी रांग पाहिली, घड्याळ पाहिलं आणि सरळ समोरच्या केक शॉपमध्ये गेल्या. खरंखुरं गिऱ्हाईक डोळ्यांदेखत गेलं आणि मला काय वाटलं असेल? आनंद झाला. आपली गर्दी इतकी खरी वाटतेय, की जोशीबाईसुद्धा फसल्या.

दुपारी तर ती गर्दी मलाही खरी वाटायला लागली. मी मॅडमना म्हणालो, "एवढं गिऱ्हाईक एका भट्टीवर कसं निघणार? दुसरी भट्टी लागेल."

त्यांनी वहीतून मान वर केली. "तुम्हाला वाटतं तसं?"

मला तो होकार वाटला. मी अंबडच्या भट्टीवाल्याला फोन लावला. तो बिचारा कामाचा माणूस, पाच वाजता टेप घेऊन आला आणि आमच्या मागच्या खोलीचं माप घ्यायला लागला.

सहाच्या सुमारास मॅडमनी मला आणि मीनाला आत बोलावलं. ताई-दाजीही उत्सुकतेनं मागे येऊन उभे राहिले. मॅडमनी पिशवीतून टोस्टचा एक पुडा काढला आणि टेबलावर ठेवला.

"सर, काल सकाळी मी या पुड्याच्या खालच्या कोपऱ्यात पेनानं एक टिंब काढलं होतं. तेव्हापासून हा पुडा सात वेळा विकला गेलाय."

भट्टीवाल्याची टेप खर्रकन आत गेली.

"पाच वेळा मीच नेला," दाजी हळूच म्हणाले. "तो पुढं असायचा ना."

मीनानं माझ्याकडे पाहिलंही नाही. तिनं मॅडमना विचारलं, "उद्याचा दिवस आहे अजून?"

"आहे," मॅडम म्हणाल्या. "पण उद्या सरांनी मी सांगेन तसं करायचं. आणि काही विचारायचं नाही."

माझ्या वहीत अजून अकरा प्रश्न शिल्लक होते. मी वही मिटली. लाज वाटत होती, पण निश्चय गेला नव्हता. एक दिवस तर एक दिवस, तोही वसूल करायचाच होता.

तिसऱ्या दिवशी दुकानात पाहुणे नव्हते, रांग नव्हती. मॅडमनी संध्याकाळी मीनाला काउंटरवर बसवलं आणि मला सांगितलं, "तुम्ही समोरच्या मेडिकलपाशी दोन तास उभे राहा. फक्त बघा. कोणी ओळखणार नाही असं बघा." ओळखू न येण्यासाठी घरात एकच वस्तू होती. मी दाजींचं हेल्मेट घातलं.

पहिली दहा मिनिटं काही घडलं नाही. मग एक मुलगी आली, टोस्ट घेऊन एका मिनिटात गेली. मग एक जोडपं आलं. मग तिघं. माझा विश्वास बसेना. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

इतक्यात जोशीबाई त्यांच्या मैत्रिणीबरोबर माझ्या अगदी शेजारी येऊन थांबल्या. त्यांनी रस्त्यापलीकडे निरखून पाहिलं.

"आज ते नाहीत गं काउंटरवर. चल, पटकन खारी घेऊन येऊ."

"ते कोण?"

"मालक. माणूस भला आहे, पण सुटका होत नाही. मागे पाव आणायला गेले तर केकमधल्या रंगांवर भाषण दिलं अर्धा तास. घरी येईपर्यंत दूध उतू गेलं माझं."

दोघी हसत रस्ता ओलांडून गेल्या. हेल्मेटच्या आत माझे कान चांगलेच तापले. माझे वडील गिऱ्हाइकाला 'या' म्हणायचे आणि जाताना 'बरं' म्हणायचे, बास. ते अबोल आहेत म्हणून मला त्यांची कीव यायची. दुकानाला गप्पिष्ट माणूस हवा म्हणून मी वीस वर्षं बोलत होतो. माझ्या पाठ केलेल्या अकरा कारणांत हे कारण नव्हतं, कारण बोलता बोलता ते कानावर यायला जागाच राहिली नव्हती.

मी दोन तास पूर्ण उभा राहिलो. मेडिकलवाल्यानं मध्ये एकदा विचारलं, "काका, चक्कर येतेय का?" मी मान हलवली.

मॅडमचा अहवाल एका पानाचा होता. संध्याकाळी काउंटरवर मीनाताई. पाच वाजता गरम खारी, तशी पाटी बाहेर. सरांनी सकाळी कच्चा माल आणि संध्याकाळी भट्टी बघावी.

"एवढंच?" मी विचारलं.

"तुम्ही पहिल्याच दिवशी रिकामं दुकान दाखवलं असतंत, तर उरलेल्या दोन दिवसांत आणखी बरंच झालं असतं."

"हे काउंटरचं मी दहा वर्षं सांगतेय," मीना म्हणाली.

"पण तू फी घेत नव्हतीस," मी म्हणालो. हे वाक्य मी बोलायला नको होतं, पण ते खरं होतं.

आता संध्याकाळी पाचला खारीसाठी माणसं थांबलेली असतात. दिवाळीच्या आधीच मीनानं मोबाइलवाल्याला नाही सांगितलं. मी मागे भट्टीपाशी असतो. आठवड्याभरातच रफिकभाई मीनाकडे गेले आणि अदबीनं म्हणाले, "भाभी, साहब को थोडी देर बाहर बिठाओ ना." तिनं मला दुपारी दोन ते चार काउंटर दिला. त्या वेळात इंदिरानगर झोपलेलं असतं.

मागच्या महिन्यात अंबडच्या एका वर्कशॉपवाल्याचा फोन आला. त्यालाही कन्सल्टंट बोलवायचा होता आणि आमचा अनुभव ऐकायचा होता. मी अनुभवाचे बोल सांगायला बसलो. दुकान आहे तसं दाखवायचं, प्रश्न कमी विचारायचे, समोरच्याला बोलू द्यायचं, त्यासाठी स्वतः गप्प बसायला शिकायचं, हे सगळं नीट उदाहरणांसह समजावून सांगितलं. पाऊण तासानं दम घ्यायला थांबलो, तेव्हा पलीकडून अगदी नम्र आवाज आला.

"काका, जवळपास काकू आहेत का?"