सर अन् माझा डावा हात

रंगारी सरायले पंचाहत्तर वर्ष पूर्ण होऊन राहिले. त्यायच्या सत्काराच्या या पुस्तकात त्यायच्या शिकलेल्या विद्यार्थ्यायनं लिहिलं आहे. मी तं नववीतच शाळा सोडली. आईची तब्येत बिघडली, तं तिचे गिऱ्हाइकायचे जेवणाचे डबे मीच करू लागली. मंग परत शाळेत जायची लाज वाटे. माझ्याहून लहान पोरायच्या बाजूला कसं बसायचं?

सरायची ओळख डब्यामुळंच झाली. ते फिजिक्सचे रिटायर प्रोफेसर, घरीच कॉलेजच्या पोरायले फुकट शिकवतात. पण आता त्यायचा हात थरथरते. एक दिवस मी डबा ठेवला तं म्हणाले, "पल्लवी, मी बोलतो, तू फळ्यावर लिही. जमंल?" मी हो म्हटलं. फळ्याकडे तोंड असलं की कोणाकडे पाहा नाही लागत.

आई दवाखान्यात भरती होती तेव्हा सर स्वतः आमच्यासाठी डबा घेऊन आले होते. खिचडी करपली होती. "आता समजलं नं, तुझा डबा काहून लावला," म्हणाले. आई पलंगावर पडल्या पडल्या हसली.

एका दिवशी इलेक्ट्रॉनचा झोत शिकवून राहिले होते. हवा काढलेल्या नळीतून झोत चालला आहे, त्याच्या भोवती चुंबकीय क्षेत्र किती, ते काढायचं होतं. प्रणय नावाचा पोरगा म्हणाला, "सर, तार तं नाहीच. करंट कुठून आणता?"

"हिंगण्याच्या कारखान्यायची शिफ्ट सुटते तेव्हा नाक्यावर उभा राहा गा. सेकंदात किती गाड्या गेल्या पाहा. तसाच इथं किती चार्ज गेला ते मोज. झाला करंट! तार कायले पाहिजे?"

मंग मले झोताभोवती गोल काढायले लावला. गोलाच्या आत जेवढा करंट, तेवढाच हिशोबात घ्यायचा. झोत सगळीकडं सारखा भरलेला धरला, तं अगदी मधात क्षेत्र शून्य, कडेपर्यंत वाढत जाते, बाहेर जसं दूर जाल तसं कमी होते. मले ते समजलं. समजलं म्हणून कोणाले सांगितलं नाही.

"आता दिशा. पल्लवी, हात लावून पाहा अन् बाण काढ."

नियम आदल्या दिवशी मीच लिहिला होता. अंगठा करंटकडे, बोटं वळतात तिकडे क्षेत्र. मी डावखुरी. खडू ठेवला, झोत जाते तिकडे अंगठा केला अन् डावाच हात वळवला, बोटं गेली तसा बाण काढला. मागून प्रणय हसला.

"अवं, उजवा! उजव्या हाताचा नियम आहे तो."

माझे कान गरम झाले. बाण पुसायले गेली तं सर म्हणाले, "थांब वं, पुसू नको. प्रणय, झोत कायचा आहे?"

"इलेक्ट्रॉनचा... अरे हो!" त्यानं कपाळावर हात मारला.

"पल्लवी, तुले माहीत होतं?"

"नाही सर. सवय आहे."

सर खूप हसले. मले वाटलं, संपलं. पण म्हणाले, "सवयीनं उत्तर आलं, चांगलं झालं. आता कारण सांग. इकडे पाहून."

सर चहाचा कप धरून थांबले. त्यायनं दुसऱ्या कोणाले विचारलं नाही, मले घाई केली नाही. चहावर साय आली. शेवटी मी वळली.

"इलेक्ट्रॉन निगेटिव्ह आहे. ते जातात तिकडं, तं करंट उलटा. म्हणून डावा हात."

"हे सांगता येते, तं दहावीचा पेपर काहून नाही देत?"

मी रिकामा डबा उचलला अन् निघाली. दुसऱ्या दिवशी प्रणयनं आपली दहावीची जुनी पुस्तकं सरायच्या दारात पायपुसण्याजवळ माझ्यासाठी ठेवली. "रद्दीत चालली होती," म्हणे. रद्दीतल्या पुस्तकायले असं नवं कव्हर नसते.

या मार्चमध्ये मी बाहेरून दहावी देऊन राहिली. भीती अजून आहे.

सत्काराले सरायले स्टेजवर मधात बसवायचं ठरलं, तं म्हणाले, "मधात क्षेत्र शून्य असते, मले कडेले बसवा." मंग कार्यक्रमवाले म्हणाले, पल्लवीचा लेख कोणी चांगला वाचणारा वाचून दाखवील. सर म्हणाले, "कोणी काहून? तिले आवाज नाही का?"

सर, तुमाले भरपूर आयुष्य मिळो, तब्येत ठणठणीत राहो. दहावी झाली की मले फिजिक्स घ्यायचं आहे, तेव्हा घाईनं कुठं जाऊ नका. अन् हा लेख मीच वाचीन. लोकायकडं तोंड करून. थोडा वेळ लागला तं तुम्ही थांबता, हे मले माहीत आहे.