वजनदार डबा

तो डबा आठवला की अजून माझं डोकं फिरतं. दुष्काळाच्या साली माझ्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय जळाला. जड असतो तो चांगला, असं ऐकून मी स्वस्तातला एक वजनदार घेतला आणि बसवायला औरंगपुऱ्यातल्या एका मेकॅनिककडे गेलो. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला, डबा तळहातावर तोलला आणि चार स्क्रू काढले. आत इवलंसं सर्किट आणि वजनासाठी ओतलेला सिमेंटचा गोळा! मी विकणाऱ्याला शिव्या घातल्या. मेकॅनिक गोळ्यावरून नुसता अंगठा फिरवत राहिला. मग एकदम भडकला, "आमच्या नव्या कॉलनीत आठ दिवसाला एक टँकर येतो साहेब, अन् या हरामखोरांना हे कालवायला पाणी भेटतं!"