निर्लष्करी पट्ट्यातली म्हैस

आष्ट्यात जागतिक सुरक्षा या विषयात एम.ए. करणारी मी पहिली, आणि आमच्या घरातली शांतता बिघडवणारीही मीच.

आबांना जाऊन अजून महिना झालेला नाही. भेटायला येणारी माणसं माझ्या वडिलांच्या आठवणी काढतात आणि मग हळूच माझ्याकडे बघून हसतात. म्हटलं, ती गोष्ट आपणच सांगून टाकावी.

आबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि सीमेवरून थेट बांधावर आले. बांधापलीकडचा ऊस आप्पांचा, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाचा. रोज सकाळी दोघे समोरासमोर उभे राहत.

"आप्प्या, रात्रीत बांध कोरलास व्हय रं?"

"दादा, म्होरं सरकायची सवय फौजेतनं तुमी आणलीया, मी न्हाई!"

मग आई चहाची किटली घेऊन येई. दोघे बांधावरच बसून चहा पीत आणि उरलेलं भांडण उद्यावर ठेवत. वर्षानुवर्षं असं सुखाने चाललं होतं. मला मात्र ते बघवलं नाही!

पुण्यात सरांनी सुट्टीत करायला काम दिलं होतं: एखादा जवळचा तंटा निवडा आणि शांततेचा आराखडा सुचवा. वर्गातल्यांनी समुद्र निवडले, बेटं निवडली. मी आमचा बांध निवडला.

दोघांना सोप्यात बसवून मी आराखडा समजावला. बांधाच्या दोन्ही अंगांना एकेक सरी मोकळी सोडायची. तो निर्लष्करी पट्टा. आणि तंटा चिघळू नये म्हणून दोघांनी थेट बोलायचं नाही. जे काही असेल ते माझ्यामार्फत.

"आणि च्या?" आप्पांनी विचारलं.

"चहा आपापल्या घरी."

आप्पा आबांकडे बघत राहिले. आबा म्हणाले, "आयकूया गड्या. पोरीच्या मार्कांचा प्रश्न हाय."

शांतता आली. इतकी आली, की आई म्हणाली, "घर कसं खायाला उठतंय गं." आबा ओट्यावर एकटेच चहा घेत आणि अर्धा कप तसाच ठेवत. आप्पांचा मला फोन येई, "दादाला इचार, खोकला बरा हाय का." मी विचारी. आबा म्हणत, "त्येला म्हणावं, तुला काय करायचंय." आणि मी वळले की मागून, "बरा हाय म्हणून सांग."

त्यातच पट्टा मोकळा बघून शेजारच्या तात्यांनी तिथे खुंटा ठोकला आणि म्हैस बांधली. (आमच्या विषयात याला सत्तेची पोकळी म्हणतात. आमच्या गावात मोकळी जागा ठेवणाऱ्याला काय म्हणतात, ते इथे लिहिता येणार नाही.) एके सकाळी म्हशीने दावं तोडलं आणि ती उसात घुसली. दोघे भाऊ आपापल्या बाजूला उभे होते. दोघांनी नियम पाळला. दोघांनी मला फोन लावला! मी घरात, सुट्टीतल्या कामाच्या आढाव्यासाठी सरांनी ठेवलेल्या ऑनलाइन तासाला बसले होते.

"पोरी, आप्पाला सांग, म्हस त्येच्या उसात शिरलीया!"

लगेच दुसरा. "दादाला सांग, आता त्येच्याकडं वळलीया!"

"काही अडचण?" सरांनी विचारलं.

"सर, सीमा ओलांडली गेली आहे," म्हणत मी पळाले.

पोचेपर्यंत आराखडा मोडीत निघाला होता. "आप्प्या, म्होरनं अडीव!" "दादा, दावं धरा, दावं!" म्हैस आवरली. मी धापा टाकत म्हणाले, "थेट बोलायचं नाही असं ठरलं होतं ना?"

दोघे एकदमच वळले. "तू गप बस!"

हे त्यांचं पहिलं संयुक्त निवेदन. त्या दिवशी किटली पुन्हा बांधावर गेली. सरांनी मला भरघोस गुण दिले. समान धोका समोर आला की दोन्ही पक्ष एकत्र येतात, असं मी लिहिलं होतं. तो धोका कोण, हे लिहिलं नव्हतं.

आता दहाव्याला नदीकाठी पिंड मांडला, तर कावळा शिवेना. गेलेल्याचं मन कशात अडकलंय ते ओळखून शब्द द्यायचा असतो. कुणी म्हणालं, आईला अंतर देणार नाही. कावळा हलला नाही. आप्पा पुढे झाले, डोळे पुसत म्हणाले, "दादा, बांध कोरणार न्हाई." कावळ्याने मान दुसरीकडे फिरवली. (यावर आबांचा तरी कसा विश्वास बसावा!)

ऊन चढलं. हळूहळू सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हात जोडले. "आबा, घरातल्या कुठल्याही भांडणात मी कधीच शांतता करणार नाही."

बोलणं पुरं व्हायच्या आत कावळा पिंडावर!

आप्पा रडता रडता हसले. "सीमेवर कवा भ्याला न्हाई गं माझा दादा. तुझ्या शांततेला मातर लय भ्यायचा."

हल्ली सकाळी किटली घेऊन मी शेतात जाते. आप्पा एकटेच उभे असतात. पलीकडे बघतात. काल मला राहवलं नाही.

"काय आप्पा, रात्रीत बांध कोरलात व्हय?"

त्यांचा चेहरा खुलला. "म्या? तुझ्या बापानं कोरलाय!" असं ओरडून त्यांनी कप पुढे केला.

एम.ए. झाल्यापासून मी घडवून आणलेली ही पहिलीच शांतता.