सातव्या दिवशी कळलेलं आरारूट

नव्वदच्या आसपासची गोष्ट. नवरात्राची सातवी माळ, सिल्व्हासातला टोकरखाडा... आणि मी कॉलनीजवळच्या दुकानात आरारूट घ्यायला उभी.

राखोलीच्या कंपनीत पप्पांचा उजवा हात मशीनमध्ये सापडला होता. बोटं पुन्हा हलावीत म्हणून आई नवस बोलली होती... नऊ दिवस धान्याचा कणही नाही. साबुदाणा तिला बाधायचा, म्हणून दोन्ही वेळा आरारूटची लापशी. ती करायचं काम माझं.

माझ्या पुढे इस्त्रीवाला होता. त्याने साड्यांच्या खळीसाठी स्टार्च मागितलं, आणि शेठने नेमका मला आरारूट द्यायचा तोच डबा उघडला! विचारलं तर म्हणाला, "एक ज वस्तु छे, बेन. खावामां नाखो के कपडामां." म्हणजे वस्तू एकच, खाण्यात घाला नाहीतर कपड्यांना लावा. मागच्या गोणीवर मक्याचं कणीस छापलेलं होतं.

मका म्हणजे धान्य. सात दिवस मी स्वतःच्या हाताने आईचा उपास मोडत होते.

तशीच तडक डोकमर्डीला गेले. तिथल्या काष्ठौषधीवाल्याकडून आरारूट आणलं आणि घरी दोन्ही वेगवेगळं शिजवलं. एक खळीसारखं पांढरंफटक... दुसरं इतकं नितळ की पातेल्याचा तळ दिसत होता.

गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? आई भिंत धरून चालत होती, दोनच दिवस उरले होते. पण तिला फसवायची माझी छाती होईना. सगळं सांगितलं, आणि ढसाढसा रडले.

आई रागावली नाही. तिने पांढरं पातेलं बाजूला सारलं आणि म्हणाली, "मंग उद्या पहिला दिवस."

पप्पा कळवळले. "अगं, चुकून झालं. देवीला कळतं ते."

"तिला कळतं, म्हणूनच."

दसऱ्याला सगळी कॉलनी श्रीखंड-पुरी जेवली. आईचा तो तिसरा दिवस होता... आणि माझाही, कारण मीही तिच्याबरोबर उपास धरला होता.

नवव्या संध्याकाळी पप्पांनी लापशीची वाटी उजव्या हाताने उचलून तिला दिली. बोटं थरथरत होती, थोडी सांडलीच.

नवसाने झालं की डॉक्टरांनी दिलेल्या व्यायामाने, मला माहीत नाही. पण आजही एखादं काम अर्धवट जमलं आणि 'चालून जाईल' असं मनात आलं, की आईचं ते "मंग उद्या पहिला दिवस" आठवतं... आणि मी मुकाट्याने पुन्हा सुरुवात करते.