उपरण्याखालचा भाव

आमचे शंकामास्तर स्वतःच्या घड्याळावरही विश्वास ठेवत नसत. घड्याळ काढून पाहायचे, मग समोरच्याला वेळ विचारायचे, आणि दोन्ही जुळल्या तर जास्तच काळजीत पडायचे. "दोघेही सारखेच फसलेले असू," म्हणायचे. त्यांचे खरे नाव कॉलेजच्या पटावर असेल; आम्हा मुलांना त्याची कधी गरज पडली नाही.

मुंबईच्या कॉलेजात संपत्तिशास्त्राचे, म्हणजे आताच्या अर्थशास्त्राचे, पहिले धडे तेच देत आणि राहत मात्र आमच्या कल्याणात. म्हणून कल्याण-ठाण्याची आम्ही काही मुले रविवारी त्यांच्या ओटीवर जमायचो. पुस्तक विलायतेचे, त्यात लोकर, लोखंड, कोळसा. मास्तर एक वाक्य वाचायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि म्हणायचे, "छापले आहे म्हणून खरे मानू नका. मी सांगतो म्हणून तर मुळीच नको." परीक्षा तोंडावर आलेली, आणि ज्या पुस्तकावर परीक्षा तेच मास्तर उसवत बसलेले! आमच्या जिवाची घालमेल व्हायची; त्यांना त्याचे सोयरसुतक नसे.

पुस्तक पारखायला ते बाजार धुंडाळत. खाडीवर मालाचे मचवे लागले की त्यांवरच्या तांडेलाला विचारत, तांदूळ किती आणला, मुंबईला किती जाणार, मुरबाडकडच्या गाड्या का आल्या नाहीत. विकत काहीच घेत नसत. आता जो नुसताच भाव विचारतो तो सरकारी माणूस, हे कल्याणात शेंबडे पोरही जाणत होते. "नवी पट्टी बसवाला धारलाय ह्याला!" असे भाजीवाल्या आगरणी तोंडावर म्हणत. मास्तर उलट खूश होत. "शंका घेतात, म्हणजे विचार करतात," असे त्यांचे म्हणणे.

माझे वडील, अण्णा, तांदळाचे व्यापारी. त्या काळी आमच्या पेठेत मोठा सौदा तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसत, हातांवर उपरणे टाकत आणि त्याखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवत. शेजारी बसलेल्यालाही पत्ता लागत नसे. बोटांच्या त्या खुणा बापाने मुलाला शिकवायच्या आणि मुलाने जीव गेला तरी बाहेर सांगायच्या नाहीत. मला त्या येत होत्या.

एका रविवारी किंमत कशी ठरते हे समजावताना मास्तर सहज म्हणाले, "काल तुमच्या पेठेत मोठा सौदा झाला ना? तो अमुक भावाने झाला असणार." आणि रुपये-आण्यांसकट आकडा सांगितला. कोणीतरी ते घरी जाऊन सांगितले. संध्याकाळपर्यंत पेठेत बोभाटा झाला, कारण आकडा बिनचूक होता आणि तो सौदा अण्णांचा होता.

अण्णांनी मला माजघरात बोलावले. "मास्तरला खुणा कोणी शिकवल्या?"

"मी नाही, अण्णा."

"मग काय उपरण्याला तोंड फुटलं? ज्याच्या घरातून भाव फुटतो त्याच्यासमोर उद्या कोण हात पुढे करील? कॉलेज बंद तुझं."

आई मध्ये पडली, पण उपयोग झाला नाही. पानावर बसलो की अण्णा माझ्याकडे रोखून बघत. स्वतःच्या घरात मी चोर ठरलो होतो.

मास्तरांना हे कळले तसे ते तडक अण्णांच्या दुकानात आले. पेठेतले चार व्यापारी तिथे बसलेच होते. "मला तुमची बोटे कळत नाहीत," ते म्हणाले. "माल किती आला, गिऱ्हाईक किती, एवढे मी विचारत हिंडतो. भाव त्यातून निघतो. खोटे वाटत असेल तर आजच्या सौद्याचा आकडा आधीच लिहून ठेवतो."

"लिहा," अण्णा म्हणाले.

मास्तरांनी दुकानातली पाटी छातीशी धरली, आकडा लिहिला आणि पाटी पालथी ठेवली. मुंबईचा घेणारा अण्णांसमोर बसला. उपरणे पडले. सौदा नेहमीपेक्षा लवकर उरकला. अण्णांनी भाव सांगितला आणि एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याने पाटी उलटली. तोच भाव! रात्री अण्णा मला एवढेच म्हणाले, "उद्याची गाडी चुकवू नकोस."

मी सुटलो, पण मास्तर अडकले. न बघता भाव ओळखणाऱ्या माणसाला कोण काय सांगणार? तांडेल पाठ फिरवू लागले, गाडीवान त्यांना पाहताच बैल हाकू लागले. विचारायला कोणी उरले नाही तसे मास्तरांना कल्याणात करमेना. त्यांनी देशावर कुठेतरी नोकरी धरली.

स्टेशनवर मी त्यांच्या पाया पडलो. म्हणालो, "मास्तर, तुमचे शास्त्र खरे ठरले."

"मला नाही तसे वाटत," ते म्हणाले. "अरे, माझा अंदाज एकदा नेमका आला, तो योगायोग. दुसऱ्यांदा आण्या-दोन आण्यांनी चुकायला हवा होता. त्या दिवशी माल मी धरला होता त्याहून कमी होता. तुझे वडील भाव आणखी ताणू शकले असते. ताणले नाही. मी लिहीत होतो तेव्हा ते माझ्या कोपराकडे एकटक बघत होते. जन्मभर झाकलेल्या हातांशी व्यवहार केलेला माणूस तो. मी काय लिहिले ते त्यांना कळले असावे, अशी मला शंका आहे."

गाडी हलली. पुढे मीही हेच शास्त्र शिकवू लागलो. अण्णांना मात्र मी कधी विचारले नाही, आणि आता ते नाहीत. माझ्यावरचा आळ पुसायला त्यांनी तोटा सोसला असेल, तर मला निर्दोष मानून सोसला की चोर मानूनही पाठीशी घातले? यातले काहीही खरे असो, अण्णांचे ऋण वाटते. आणि खरे सांगायचे तर, चोर मानले असेल या विचाराने जरा जास्तच.